क आणि य

संहितेतल्या प्रत्येक उदाहरणात
क काहीतरी करतो
आणि य चं काहीतरी जातं.
क झाड तोडतो, जमीन य ची.
क च्या खिशात भाकरीचा तुकडा, मागे मागे य चं कुत्रं.
टेबलावरची अंगठी, तीही य चीच.
दोन वर्षं झाली संध्याकाळच्या वर्गाला,
मला अजून कळलं नाही
क राहतो कुठे.

क म्हणजे कोणीही, हत्तुरे सर म्हणतात.
सर एकतीस वर्षं सरकारी वकील होते,
हजेरीसुद्धा पुकारा केल्यासारखी घेतात.
एप्रिल. तिसरा मजला. पंखा गरम हवाच ढवळतोय.
शेवटच्या बाकावर बंदोबस्त उरकून आलेले हवालदार जमदाडे,
घोरत नाहीत, पण त्यांचं पान उलटायचं थांबलंय.
रुखसार बागवान दोन रकाने आखते,
जुना आकडा, नवा आकडा.
तीनशे एकोणऐंशीचं तीनशे तीन.
माझं पेन तिथे अडतं.

तीनशे एकोणऐंशी हे आमच्या घरात
नरसिंग मामाचं दुसरं नाव होतं.
सुताचे दोन कोन, पांढरे,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून.
नऊ वर्षं तारखा.
निकालापर्यंत कारखानाच उरला नव्हता,
त्या जागी मंगल कार्यालय, दारात केळीचे खुंट.
फिर्यादी आला नाही. मामा सुटला.
अटक अख्ख्या विडी घरकुलला न सांगता कळली होती,
सुटका सांगायला मात्र
घरोघर जावं लागलं असतं. तो गेला नाही.
नवा कायदा मागे बघत नाही, सर सांगतात.
म्हणजे मामाला जुनाच आकडा.

चोरी, सर फळ्यावर लिहितात:
जंगम वस्तू. दुसऱ्याचा ताबा. संमती नाही.
हेतू अप्रामाणिक. वस्तू हलली पाहिजे, बोटभर का होईना.
मी हात वर केला.
सर, विडी.
म्हणजे?
समजा य ही बाई आहे. दिवसाला हजार वळते.
ब्रांचमध्ये चेकर कट्टा उचलतो, चिमटीत दाबतो,
साठ-सत्तर बाजूला टाकतो. छाट.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
मागच्या खोलीत जाते, आणि तिथे
तिलाही तेच लेबल लागतं.
वस्तू हलली, सर. संमती कुणी विचारली नाही.
आता क कोण?

पान-तंबाखू मालकाचं असतं, सर म्हणाले.
आणि वळणं?
खडू थांबला.
जमदाडे जागे झाले होते. ते म्हणाले,
बाई, अशी फिर्याद आली तर आम्ही अर्ज घेऊ,
पोच देऊ, चहा पाजू
आणि घरी पाठवू.
वर्ग हसला. मीही हसले.
कामगार कायद्याचा पेपर पुढच्या सेमिस्टरला,
सर म्हणाले, आणि फळा पुसला.

जिन्यात मात्र थांबले.
चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता:
साठ की सत्तर?
साठ-सत्तर हा आकडा नव्हे, येमूल.
रोज लिहा. तारखेसकट.

घरी अम्मा दारात, मांडीवर सूप,
कात्रीखाली ओली पानं.
तिन्नवा, तिने विचारलं. जेवलीस का.
नाही म्हटलं, आधी सांग, आज छाट किती?
तिने दोऱ्याचा पीळ दाताने तोडला.
चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
मीसुद्धा नाही,
माझी फी त्यातूनच भरून.
मोजून काय होतंय गं?
माहीत नाही.
बराच वेळ बोटांवर काहीतरी केलं, मग म्हणाली, चौसष्ट.

वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
बावीस एप्रिल. वळल्या हजार. छाट चौसष्ट.
खाली सही कर म्हटलं.
ती उठली, हात धुवायला निघाली,
कागदाला वास लागेल म्हणून.
लागू दे अम्मा,
तो मुद्देमाल आहे.